मोठ्या पाठसंचयातील शब्दशोध : वेग आणि पूर्णता यांची एक चिकित्सा

१. प्रश्नाची मांडणी

एखादा शब्द, एखादे रूप अथवा एखादी वाक्यरचना भाषेत कोठे आणि किती वेळा आली आहे, हा भाषाभ्यासकाचा नित्याचा प्रश्न होय. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर वाचन आणि टिपण यांच्या साहाय्याने दिले जाई. आज ते संगणकाला विचारले जाते. शेकडो ग्रंथ, वृत्तपत्रांचे अनेक वर्षांचे अंक आणि संकेतस्थळांवरील मजकूर एकाच फाईलमध्ये सामावलेला असतो. अभ्यासक शब्द देतो आणि उत्तराची वाट पाहत बसतो. ही वाट पाहणे दिवसेंदिवस लांबत चालले आहे, कारण संचय वाढत आहेत आणि शोधण्याची रीत मात्र बहुतेक विभागांत पहिल्या दिवशी होती तीच राहिली आहे.

या विलंबावर सामान्यतः एकच उपाय सुचविला जातो, तो म्हणजे अधिक वेगवान यंत्र घ्यावे. प्रस्तुत लेखात या उपायाची चिकित्सा करावयाची आहे. शोध मंद होतो तो मुख्यतः यंत्र दुबळे असल्यामुळे नव्हे, तर प्रत्येक प्रश्नासाठी सगळा संचय आरंभापासून अखेरपर्यंत पुन्हा वाचला जातो यामुळे, हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. मराठीच्या बाबतीत केवळ वेगाकडे लक्ष दिल्यास शोध जलद होतो, पण अपुरा राहतो. आणि अपुऱ्या शोधावर आधारलेले ‘हा शब्द आढळत नाही’ हे विधान प्रबंधात जाऊन बसले की ते खोडून काढण्यास पुन्हा एक प्रबंध लागतो.

२. एका वाचनाची किंमत

प्रथम विलंबाचे मोजमाप करू. शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ मधील भारतीय इंग्रजीचा जो पाठसंचय सिद्ध केला आणि जो ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावाने जगभर ओळखला जातो, त्यात सुमारे १० लाख शब्द होते. आजच्या यंत्राला एवढा मजकूर वाचून काढण्यास क्षणही पुरतो. उलट, २०२२ साली पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ या गटाने जाहीर केलेल्या ‘महाकॉर्पस’ या मराठी संचयात २ कोटी ४८ लाख वाक्ये आणि सुमारे २८ कोटी ९० लाख शब्दघटक आहेत. संचय केवळ मोठा झाला नाही, तर त्याची जातच बदलली.

युटीएफ-८ या आज रूढ असलेल्या संकेतपद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हास, मग ते व्यंजन असो वा स्वरचिन्ह, ३ बाइट लागतात. एका शब्दात सरासरी ६ चिन्हे आणि शब्दापुढे एक मोकळी जागा असे धरले, तर एका शब्दाचे १९ बाइट होतात. २८ कोटी ९० लाख शब्दांचे सुमारे ५४९ कोटी बाइट भरतात. सेकंदाला १० कोटी बाइट वाचणाऱ्या फिरत्या तबकडीवरून हा संचय एकदा वाचण्यास सुमारे ५५ सेकंद लागतील. एका शब्दासाठी हा विलंब सुसह्य आहे. परंतु बोलीभाषांच्या अभ्यासकाकडे १,००० शब्दांची यादी असेल आणि त्याने प्रत्येक शब्दासाठी स्वतंत्र शोध चालविला, तर तेच काम सव्वापंधरा तासांचे होते. यंत्र दुप्पट वेगवान घेतले तरी साडेसात तास राहतातच. आणि पुढील वर्षी संचय दुप्पट झाला की ती प्रगती शून्यावर येते.

येथे संकेतपद्धतीचा भागही लक्षात घ्यावा. १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारलेल्या ‘इस्की’ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह एकाच बाइटात मावत असे. तीच गणना केली तर संचय सुमारे २०२ कोटी बाइटांचा होतो आणि वाचन २० सेकंदांत आटोपते. युनिकोडचे लाभ इतके मोठे आहेत की मागे जाण्याचा विचार कोणी करणार नाही. पण मराठी मजकूर रोमन लिपीतील मजकुरापेक्षा मुळातच जड असतो, याचे भान ठेवूनच परदेशी साधनांच्या वेगाची प्रशस्ती वाचली पाहिजे.

३. जलद वाचनाच्या रीती आणि देवनागरी

मजकूर वाचावयाचाच असेल तर तो अधिक चतुराईने कसा वाचता येईल, याचा विचार गेल्या अर्धशतकात पुष्कळ झाला आहे. या विचाराचा उगम अनेकदा ग्रंथाभ्यासातच आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९७३ मध्ये केन टॉम्प्सन यांनी ‘ग्रेप’ हे शोधसाधन वेगळे काढले. ‘फेडरलिस्ट’ या निबंधमालेतील लेखांचे कर्तृत्व तपासू पाहणाऱ्या ली मॅकमहन या सहकाऱ्याची अडचण त्यामागे होती, कारण तो मजकूर त्या काळच्या संपादनसाधनात मावत नव्हता. १९७५ मध्ये आहो आणि कोरासिक यांनी अनेक शब्द एकाच वाचनात शोधण्याची रीत मांडली, तीही ग्रंथसूचीच्या शोधाच्या निमित्ताने. वर उल्लेखिलेली १,००० शब्दांची यादी या रीतीने एकाच वाचनात, म्हणजे सव्वापंधरा तासांऐवजी मिनिटा-दोन मिनिटांत तपासता येते. तरीही यादीतील शब्द एकेक करून शोधणारे अभ्यासक आजही दिसतात, याला साधनाचा दोष म्हणता येणार नाही.

१९७७ मध्ये बॉयर आणि मूर यांनी मांडलेली रीत याहून निराळी आहे. ती शोधशब्दाचे शेवटचे चिन्ह प्रथम पाहते. मजकुरातील त्या जागेवरचे चिन्ह शोधशब्दात कोठेच नसेल, तर संपूर्ण शब्दाच्या लांबीएवढी उडी घेता येते. म्हणजे शोधशब्द जितका लांब, तितका मजकूर न वाचताच ओलांडला जातो. रोमन लिपीत ही रीत फार फलदायी ठरली. देवनागरीत मात्र तिची एक अडचण होते. युटीएफ-८ मध्ये देवनागरी चिन्हाच्या ३ बाइटांपैकी पहिला नेहमी २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. भेद दाखविणारा खरा बाइट तिसराच. ‘कोपर’ हा शब्द ४ चिन्हांचा, म्हणजे १२ बाइटांचा आहे. शोधाचे पाऊल मजकुरातील तिसऱ्या बाइटावर पडले आणि तो बाइट शब्दात नसला, तर १२ बाइटांची उडी मिळते. पण ते पहिल्या बाइटावर पडले तर उडी २ बाइटांची आणि दुसऱ्यातील १६४ वर पडले तर केवळ १ बाइटाची. एकदा पाऊल जुळले की पुढील उड्या जुळत जातात, परंतु एक-बाइटी मोकळी जागा मध्ये आली की ते पुन्हा चुकते. या रीतीचा लाभ देवनागरीत नाहीसा होत नाही, पण घटतो. म्हणूनच जे साधन दुर्मिळ बाइट निवडून त्याच्या आधारे शोध घेते, ते मराठीसाठी अधिक योग्य समजावे.

आणखी दोन सूचना वारंवार केल्या जातात. त्यांचीही परीक्षा केली पाहिजे. पहिली अशी की, साधनाला अक्षरांचा विचार सोडून केवळ बाइट पाहण्यास सांगावे. जुन्या ग्रेपमध्ये बहुबाइटी अक्षरांमुळे होणारा विलंब यामुळे खरोखरच टळत असे. शोधशब्द अक्षरशः दिलेला असेल तर ही सूचना निर्धोक आहे, कारण १९९२ मध्ये टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी युटीएफ-८ ची रचना करताना एका चिन्हाचा शेवट दुसऱ्याचा आरंभ म्हणून वाचला जाणार नाही अशी व्यवस्था केलेली आहे. परंतु शोधात ‘कोणतेही एक चिन्ह’ अशी रिकामी जागा असेल तर ती जागा एका बाइटाची मानली जाते आणि देवनागरीचे एकही चिन्ह तिच्यात बसत नाही. वेग मिळतो, उत्तर चुकते. दुसरी सूचना लहान-मोठ्या लिपीचा भेद दुर्लक्षिण्याची. देवनागरीत असा भेदच नाही. सवयीने वापरलेला हा पर्याय मराठी शोधास काहीही न देता त्यावर भार मात्र टाकू शकतो.

४. अनुक्रमणिकेचा मार्ग

आतापर्यंतच्या सर्व रीती मजकूर जलद वाचण्याच्या होत्या. मजकूर पुनःपुन्हा वाचावाच लागू नये, हा मार्ग वेगळा आणि आपल्या परंपरेला अधिक परिचित आहे. वैदिक सूक्तांच्या आरंभपदांची नोंद करणाऱ्या अनुक्रमणींपासून १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्लूमफील्ड यांच्या वैदिक पादसूचीपर्यंत हाच विचार दिसतो. वाचनाचे कष्ट एकदाच घ्यावेत आणि त्यांचे फळ वर्णानुक्रमाने मांडून ठेवावे.

या विचाराचे महाराष्ट्रातील सर्वांत भव्य उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे काम तेथे १९४८ मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी सुरू केले. १९७३ पर्यंतच्या २५ वर्षांत सुमारे ४० विद्वानांनी १,४६४ ग्रंथ वाचून सुमारे १ कोटी संदर्भ चिठ्ठ्यांवर उतरविले. त्यानंतर १९७६ मध्ये कोशाचा पहिला भाग निघाला. योगायोग असा की, जवळजवळ त्याच वेळी, १९४९ मध्ये, इटलीतील पाद्री रोबेर्तो बुसा यांनी टॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांची शब्दसूची छिद्रित पत्रांच्या यंत्रांवर करण्याचे ठरविले. तीही सुमारे १ कोटी १० लाख शब्दांची होती आणि तिला ३० वर्षे लागली. एकीकडे हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि दुसरीकडे यंत्राची पत्रे, असा साधनांत फरक होता. तत्त्व एकच होते. मजकुराकडून शब्दाकडे न जाता शब्दावरून मजकुरातील स्थळाकडे जाण्याची सोय करावयाची. आजचे शोधयंत्र ज्या सूचीवर चालते ती शब्दस्थलसूची म्हणजे डेक्कन कॉलेजातील चिठ्ठ्यांच्या कपाटांचेच यांत्रिक रूप होय. कोशाचा संपादक एका शब्दासाठी १,४६४ ग्रंथ उघडत नाही. तो कपाटातील एक खण उघडतो. आपल्या विभागांतील संगणक मात्र दररोज सर्व ग्रंथ उघडीत आहे.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६७ ते १९७२ या काळात प्रसिद्ध केलेली, डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेली महाभारताची प्रतीकसूची या दृष्टीने अभ्यासनीय आहे. चिकित्सक आवृत्तीतील प्रत्येक श्लोकपादाचा आरंभ तीत वर्णक्रमाने लावलेला आहे. पाद कसा सुरू होतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती क्षणात स्थळ दाखविते. पादाच्या मध्यभागी आलेला शब्द ज्याला हवा आहे त्याला मात्र ती काहीच सांगू शकत नाही. सूची जे आरंभबिंदू मानते तेवढ्यांचेच उत्तर देते. हा तिचा दोष नव्हे, स्वभाव आहे.

या मर्यादेवरील उपायही एका कोशाच्याच निमित्ताने पुढे आला. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात गॅस्टन गॉनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक शब्दाचा आरंभ हा एकेका प्रतीकाचा आरंभ मानला आणि तेथून पुढचा सर्व मजकूर वर्णक्रमाने लावला. १९९० मध्ये मॅनबर आणि मायर्स यांनी हीच कल्पना ‘सफिक्स ॲरे’ या नावाने स्वतंत्रपणे मांडली. यात मजकूर हलवावा लागत नाही. केवळ स्थानांकांची यादी क्रमाने लावावी लागते. वरील संचयाचे २८ कोटी ९० लाख शब्दारंभ प्रत्येकी ४ बाइटांत नोंदले तर यादी सुमारे ११६ कोटी बाइटांची, म्हणजे मूळ मजकुराच्या सुमारे एकपंचमांश होते. क्रमाने लावलेल्या अशा यादीत मधोमध पाहून अर्धा भाग सोडीत गेल्यास कोणताही शब्द किंवा शब्दसमूह अधिकाधिक २९ तुलनांत सापडतो. एकीकडे ५४९ कोटी बाइटांचे वाचन आणि दुसरीकडे २९ तुलना, इतके हे अंतर आहे. यंत्राची कोणतीही खरेदी ते भरून काढू शकत नाही. प्रत्येक चिन्ह आरंभ मानले तर मात्र यादी सुमारे ८०९ कोटी बाइटांची, म्हणजे मजकुराहूनही मोठी होते. शब्दान्ती येणारे प्रत्यय शोधावयाचे असतील तर तिची गरज नाही. प्रत्येक शब्द उलट क्रमाने लिहून दुसरी तेवढीच यादी केली की पुरे.

पाश्चात्त्य साधनांचे अंधानुकरण येथेही घातक ठरते. २०१२ मध्ये रस कॉक्स यांनी विशद केलेली, तीन-तीन बाइटांच्या तुकड्यांवर उभारलेली सूची रोमन लिपीसाठी नामी आहे, कारण तीन बाइट म्हणजे तीन अक्षरे आणि तीन अक्षरांचा तुकडा बहुतेक फाईल बाजूस सारण्याइतका विशिष्ट असतो. देवनागरीत तीन बाइट म्हणजे जेमतेम एक चिन्ह. ‘क’ ज्यात आहे अशा फाईल काढून द्या, असे म्हटल्यास सर्वच फाईल पुढे येतील. तुकडे बाइटांचे न करता चिन्हांचे करावेत, एवढ्या एका दुरुस्तीने ती सूची मराठीस उपयोगी पडते. पण ती दुरुस्ती कोणी आपण होऊन करून देणार नाही.

५. पूर्णतेचा प्रश्न : ‘कोपर’

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळू. उदाहरणासाठी मध्य रेल्वेवरील दिवा आणि डोंबिवली यांच्या दरम्यानच्या कोपर या स्थानकाचे नाव घेऊ. वृत्तपत्रीय संचयात या स्थानकाचे उल्लेख शोधावयाचे आहेत, असे समजा. ‘कोपर’ ही चार चिन्हे शोधली असता पुढील सर्व शब्द सापडतील : हाताचे कोपर आणि त्याची ‘कोपराने’, ‘कोपरापासून’ ही रूपे, भिंतीचा ‘कोपरा’, ‘कोपरखळी’, ठाण्यातील कोपरी, नवी मुंबईतील कोपरखैरणे आणि गोदावरीकाठचे कोपरगाव. ‘कोपर्डी’ आणि ‘कोपर्निकस’ यांत तर र हा स्वरयुक्त वर्णच नाही, तो पुढील व्यंजनावरचा रफार आहे. तरीही संकेतांकांत र प्रथम येत असल्याने तेही सापडतील. ‘संपूर्ण शब्दच शोधा’ असे सांगितले तर ‘कोपरला’ आणि ‘कोपरहून’ ही आपल्याला हवी असलेली रूपेच निसटतात.

व्याकरण मात्र येथे साहाय्यास येते. ‘कल्याण’, ‘नाशिक’ यांप्रमाणे ‘कोपर’ हे व्यंजनान्त उच्चाराचे ग्रामनाम सामान्यरूप न होता प्रत्यय घेते; अवयववाचक नामाचे सामान्यरूप होते. ‘कोपरला’ हे स्थानक, ‘कोपराला’ हा अवयव आणि ‘कोपऱ्याला’ हा भिंतीचा कोपरा. तीन नामांचा भेद प्रत्ययापूर्वीच्या रूपावर उभा आहे. हा भेद ज्याला माहीत आहे तो नेमका शोध रचू शकतो; यंत्राला तो आपोआप कळत नाही.

खरी अडचण ‘कोपऱ्यात’ या शब्दापाशी आहे. त्यातील ऱ हे चिन्ह दोन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. एका तऱ्हेत त्याला स्वतःचा संकेतांक असतो. दुसरीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी ते घडविलेले असते. छापील वा पडद्यावरील रूप अगदी एकच. ‘कोपर’ शोधले असता दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेला ‘कोपऱ्यात’ सापडतो आणि पहिल्या तऱ्हेने लिहिलेला सापडत नाही. म्हणजे एकाच शब्दाची काही उदाहरणे उत्तरात येतात आणि काही येत नाहीत. कोणती येतात हे भाषेवर नव्हे, तर टंकलेखकाच्या कळफलकावर अवलंबून राहते. ‘ॲ’ ची गत अशीच आहे. त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. तोवर तो अ आणि अर्धचंद्र यांच्या जोडणीने किंवा ‘ऍ’ या चिन्हाने लिहिला जाई आणि अनेक ठिकाणी अजूनही लिहिला जातो. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण र आणि नुक्ता यांची जोडी ऱ शी एक करते, परंतु जोडचिन्हाचे रूप आणि ‘ॲ’ ची जुनी रूपे यांना ते हात लावीत नाही. हे काम मराठीच्या जाणकारानेच करावयास हवे.

शब्दाच्या सीमेचाही प्रश्न आहे. पायथन या लोकप्रिय संगणकभाषेतील रूढ नमुनाशोधात शब्दघटक वर्णांच्या वर्गात स्वरचिन्हे धरलेली नाहीत. परिणामी ‘मराठी’ या शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे होतात. अशा तुकड्यांवर उभारलेली सूची कितीही जलद असो, ती मराठीची सूची नव्हे.

६. लेखननियम आणि सामान्यरूप

संकेतांकांचा घोळ निस्तरला तरी लेखनाचा इतिहास उरतो. मराठी साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. त्यापूर्वीच्या मुद्रित मजकुरात ‘केलें’, ‘नाहीं’, ‘कांहीं’ अशी सानुस्वार रूपे आणि ‘कवि’, ‘बुद्धि’ अशी ऱ्हस्वान्त तत्सम रूपे सर्रास आढळतात. आजच्या लेखनात ‘बुद्धी’ शोधणाऱ्या अभ्यासकाला १९६२ पूर्वीचा बहुतेक मजकूर रिकामा दिसेल. शतकभराच्या संचयात एखाद्या शब्दाचा वापर १९६० नंतर अचानक वाढलेला दिसला, तर समाजातील बदलाचे अनुमान काढण्यापूर्वी लेखननियमांचे पुस्तक उघडून पाहिले पाहिजे.

यावर सर्व अनुस्वार काढून टाकावेत, असा सोपा उपाय सुचेल. तो त्याज्य आहे. आजच्या लेखनात ‘घरात’ हे एकवचन आणि ‘घरांत’ हे अनेकवचन. जुन्या लेखनात ‘घरांत’ हे दोन्ही वचनांचे रूप होते. अनुस्वार काढले की आजचा वचनभेद नष्ट होतो. ठेवले की जुना एकवचनी प्रयोग अनेकवचनात गणला जातो. तेव्हा मूळ मजकूर जसाच्या तसा राखून त्याच्या शेजारी शोधासाठी एक समीकृत प्रत ठेवणे, हाच मार्ग उरतो. समीकृत प्रत उमेदवार पुढे आणील. निवाडा मूळ प्रतीवरून करावयाचा.

तीच गोष्ट सामान्यरूपाची. ‘कापूस’ शोधून ‘कापसाने’ मिळत नाही आणि ‘मूल’ शोधून ‘मुलाला’ मिळत नाही. दोघांना सामाईक असा ‘काप’ हा आरंभ घेतला तर कापड, कापूर आणि कापणी यांचा पूर येतो. येथे अनुक्रमणिकेचा एक कमी लेखलेला गुण कामी येतो. संचयातील शब्दांची संख्या कोट्यवधी असली तरी भिन्न रूपांची संख्या तिच्या मानाने फार थोडी असते, कारण ‘आणि’, ‘आहे’ यांसारखी रूपे लक्षावधी वेळा येतात. रूपांची ही यादी एकदा काढून ठेवली, की त्या यादीवर कितीही गुंतागुंतीचा व मंद नमुनाशोध चालविता येतो. तो क्षणांत संपतो. यादीतील हवी ती रूपे अभ्यासकाने डोळ्यांनी पाहून निवडावीत आणि मगच त्यांची स्थळे सूचीतून मागवावीत. अशा रीतीने व्याकरणाचे ज्ञान आणि यंत्राचा वेग यांची गाठ नेमक्या जागी पडते.

७. दोन आक्षेप

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अनुक्रमणिका करण्यास वेळ आणि जागा लागते; ज्याला एकच शब्द एकदाच पाहावयाचा आहे त्याने हा खटाटोप का करावा? हा आक्षेप रास्त आहे. एका प्रश्नासाठी साधे वाचनच स्वस्त पडते. परंतु विद्यापीठाच्या विभागात एकाच संचयावर वर्षानुवर्षे अनेकांचे शोध चालतात. तेथे सूचीचा खर्च थोड्याच दिवसांत भरून निघतो. खर्च व्यक्तीने करावयाचा आणि लाभ विभागाला व्हावयाचा, अशी आजची विपरीत स्थिती आहे. म्हणूनच कोणी सूची करीत नाही.

दुसरा आक्षेप तात्त्विक आहे आणि अधिक वजनदार आहे. अनुक्रमणिका म्हणजे एक अर्थनिर्णय असतो. शब्द कोठे तोडावयाचा, समास एक मानावयाचा की दोन, कोणती रूपे एका मूळाखाली आणावयाची, हे सूची करणारा ठरवितो आणि त्याचा निर्णय पुढे सर्वांच्या शोधावर लादला जातो. डेक्कन कॉलेजातील चिठ्ठी लिहिणाऱ्या विद्वानाने जे संदर्भ टिपण्याजोगे मानले नाहीत ते खणात नाहीत; तसेच हे होय. साधे वाचन मंद असले तरी ते कोणाचेही मत मध्ये येऊ देत नाही. म्हणून अनुक्रमणिका आली तरी सरळ वाचनाची रीत हद्दपार करता येणार नाही. सूचीने दिलेल्या उत्तराची अधूनमधून सरळ वाचनाने पडताळणी केली पाहिजे आणि दोहोंच्या उत्तरांत फरक पडला तर त्याचे कारण शोधले पाहिजे. त्या फरकातच बहुधा सूचीतील चूक किंवा मजकुरातील लेखनभेद दडलेला असतो.

८. निष्कर्ष

सारांश, मोठ्या पाठसंचयातील शब्दशोधाचा प्रश्न हा आधी मजकूर-समीकरणाचा, मग अनुक्रमणिकेचा आणि शेवटी यंत्राच्या वेगाचा आहे. आपण हा क्रम उलटा केला आहे. प्रथम संकेतांकांची आणि लेखनाची भिन्न रूपे एका तत्त्वाने जुळवावीत आणि ते तत्त्व लिहून ठेवावे. मग भिन्न रूपांची यादी, शब्दारंभांची क्रमवार यादी आणि प्रत्ययांसाठी तिची उलट प्रत अशी तीन साधने विभागाने एकदाच सिद्ध करून सर्वांस खुली करावीत. एखाद्याला अनेक शब्द सरळ वाचनानेच शोधावयाचे असतील तर ते एकत्र शोधावेत.

यापुढे प्रबंधांच्या परीक्षकांनीही एक अपेक्षा ठेवावयास हरकत नाही. एखादे रूप संचयात ‘आढळले नाही’ असे लिहिणाऱ्याने कोणती प्रत, कोणते समीकरण आणि कोणत्या रूपांची यादी यांच्या आधारे शोध घेतला हे त्याच वाक्याशेजारी नोंदवावे. हस्तलिखिताचा पाठभेद देताना आपण प्रतीचे नाव सांगतो. मग अभाव सांगताना त्याहून कमी काटेकोर असण्याचे कारण नाही. भाषेत एखादी गोष्ट आहे हे सिद्ध करण्यास एक उदाहरण पुरते. ती नाही असे म्हणण्याचा अधिकार मात्र पूर्ण शोधानेच मिळतो. केवळ जलद शोधाने तो मिळत नाही.